हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे

माकणी रोडचा तो प्लॉट अण्णांना एका दिवसात घेता आला असता. मालकीण तयार, बायको तयार, कागद तयार. तयार नव्हते ते एकटे अण्णा, कारण त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती. बरं, खात्री करून घेणं वाईट नाही. पण माणसाला घरात विचारता येतं, गावात विचारता येतं. हे गृहस्थ मोबाइलला विचारायला गेले आणि तिथंच सगळ्याची माती झाली.

अण्णा म्हणजे लोहाऱ्यातल्या एका हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मूळचे तुळजापूरचे, पण नोकरीची चौतीस वर्षं लोहाऱ्यात भाड्याच्या घरांत काढली. पाच घरं झाली आणि पाचही घरमालकिणींची मर्जी लीलाबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, सांभाळली. एकीला पाहुणे आलेले खपायचे नाहीत. दुसरीला मिरचीच्या फोडणीचा ठसका लागायचा. आत्ताची पाचवी, ती पाण्याची मोटर सुरू झाली की घड्याळ घेऊन जिन्यात उभी राहते. लीलाबाईंचं मागणं एवढंच होतं, की मरायच्या आधी चार दिवस तरी स्वतःच्या घरात मोठ्यानं बोलायचंय. हेसुद्धा त्या हळू आवाजात सांगायच्या, कारण वर मालकीण असायची.

प्लॉट धुरपदाबाईंचा. धुरपदाबाई माकणीच्या, घरची शेती मोठी, लीलाबाईंना तीस वर्षं ज्वारी त्यांच्याच घरून यायची. नवऱ्यानं हयातीतच हा एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट बाईच्या नावावर करून ठेवला होता आणि आता बाईला तो नको होता. ज्वारीचं पोतं उतरवता उतरवता त्या लीलाबाईंना म्हणाल्या, तुम्ही घेत असाल तर दुसऱ्या कुणाला दाखवत पण नाही. झालं. लीलाबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

अण्णांनी शिरा खाल्ला आणि म्हणाले, इतक्या सहज मिळतोय म्हणजे काहीतरी गोम आहे.

आता यावर माणसानं काय करावं? शेजारी रेवणप्पा राहायचे. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्याच चाळीवजा इमारतीत दोन खोल्यांत भाड्यानं. त्यांनी सरळ विचारलं, की बाई तीस वर्षं ज्वारी देतीय, एकदा तरी मापात कमी भरली का? अण्णा म्हणाले, ज्वारी वेगळी आणि स्थावर मालमत्ता वेगळी. हे त्यांनी असं काही म्हटलं की रेवणप्पांना वाटलं, कलम असेल एखादं. ते गप्प बसले. रेवणप्पांना अण्णांच्या शिक्षणाबद्दल फार आदर होता. पुढं हाच आदर अण्णांच्या मुळावर आला, पण ते पुढं.

तर मोबाइल. मोबाइलवर 'भूखंड-भास्कर' नावाचा एक माणूस निघाला. गॉगल घालून, काळ्या रानात पांढरेशुभ्र बूट घालून उभा राहायचा आणि जमीन घेताना काय बघावं ते सांगायचा. त्या बुटांना चिखलाचा एक ठिपका नव्हता. काळ्या रानात असे बूट घेऊन हिंडणारा माणूस रानात किती हिंडला असेल, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अण्णांनी बूट पाहिलेच नाहीत. ते वही घेऊन बसले होते.

अण्णा काही आंधळेपणानं विश्वास ठेवणारे नव्हते बरं का. उलट सल्ला देणारा माणूस किती भरवशाचा, हे तपासायची त्यांची पद्धत होती. शाळेत दरवर्षी शिक्षकांचे गोपनीय अहवाल तयार व्हायचे, ते चौतीस वर्षं अण्णांनीच लिहिले होते. तोच तक्ता त्यांनी इथं आखला. वक्तशीरपणा: दर सोमवारी व गुरुवारी नियमित. पोशाख: नीटनेटका. भाषा: शुद्ध, मध्येमध्ये इंग्रजी. अक्षर: दिसत नसल्याने निरंक. अण्णांनी त्याला तीन प्रश्न लिहून पाठवले, त्यावर तिन्ही वेळा नुसते जोडलेले हात आले. अण्णांनी शेरा लिहिला: नम्र. सोमवारी हा बाबा सांगायचा की एन.ए. प्लॉटच घ्या आणि गुरुवारी सांगायचा की एन.ए. म्हटलं की दोन पावलं मागं सरा. त्यावर अण्णांचा शेरा होता: दोन्ही बाजूंचा अभ्यास. अहवालात एकूण चौदा रकाने होते. माणूस सांगतो ते खरं असतं की नाही, असा रकाना मात्र नव्हता, कारण शाळेच्या नमुन्यातही तो नव्हता. भास्करला शंभरपैकी सत्त्याऐंशी गुण पडले.

सत्त्याऐंशी गुणांच्या माणसानं सांगितलं, की व्यवहाराच्या आधी पेपरात जाहीर नोटीस द्या, आणि मालकाला आधी कळू देऊ नका, नाहीतर तो सावध होतो.

नोटीस म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. हा त्यांचा विषय. आयुष्यभर त्यांनी 'हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे' असं लिहून नोटिसा लावल्या होत्या आणि एकदाही, कुणीही, कसलीही हरकत घेतली नव्हती. आता त्या नोटिसा लावायचा फलक मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटामागं होता, ही गोष्ट वेगळी. अण्णांच्या मनानं पक्कं घेतलं होतं की नोटीस ही देण्याची गोष्ट असते, वाचण्याची नव्हे.

नोटिशीला मालकीच्या जुन्या नोंदी, म्हणजे फेरफार, लागतात म्हणून ते एका कचेरीत गेले. तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, सोमवारी या. अण्णांच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे काय, कोण समजतो हा स्वतःला, साठी उलटलेल्या माणसाला हेलपाटे घालायला लावतो. ते तणतणत घरी आले आणि लीलाबाईंना सगळं सांगितलं. लीलाबाई म्हणाल्या, तुम्ही पण सोमवारीच बोलवायचात की सगळ्यांना. अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तीन सोमवार झाल्यावर कागद मिळाले. मग धाराशिवला जाऊन वकील गाठला. वकील म्हणाले, हरकती माझ्या पत्त्यावर येऊ द्या, तशीच पद्धत आहे. पण भास्करनं वकिलावरही भरवसा ठेवू नका असं सांगितलेलं. म्हणून अण्णांनी नोटिशीत खाली स्वतःच्या घरचा पत्ता घातला, तोही कसा, तर मारुतीच्या देवळाशेजारी, निळा जिना, अशा खुणेसकट.

नोटीस बुधवारी छापून आली. धुरपदाबाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, प्लॉटच्या चारी बाजू, आणि शेवटी ते, हरकत असल्यास.

लोहाऱ्यात असं आमंत्रण कुणी वाया घालवत नाही. सकाळी आठला पहिला आला तो अमरसिंह, धुरपदाबाईंचा पुतण्या. या प्लॉटचा विचार त्याच्या बापजन्मात कधी त्याच्या डोक्यात आला नव्हता. दाढी करायला बसला असताना त्यानं पेपर वाचला, चुलतीचं नाव पाहिलं, आणि त्याला वाटलं, ज्या अर्थी हरकत मागवलीय त्या अर्थी आपली असणारच. अर्ध्या दाढीनिशी आला की काय असं वाटण्याइतका घाईत होता. अण्णांनी त्याला बसवलं, हरकत लेखी घेतली, तारीख टाकली, आवक क्रमांक एक लिहिला आणि सही करून पोच दिली.

पोच! अहो, कुणी सांगितलं होतं पोच द्यायला? पण हाताची सवय. चौतीस वर्षं आलेल्या प्रत्येक कागदाला पोच दिलेली. अमरसिंहानं तो कागद खिशात घातला आणि बाजारात जाऊन चार लोकांना दाखवला, की बघा, सही-तारखेनिशी हक्क मान्य झालाय.

मग रीघ लागली. महारुद्र म्हणून शेजारचा प्लॉटवाला होता, तो म्हणाला, माझी बैलगाडी तिथून जाते. बैल त्यानं सहा वर्षांपूर्वीच विकले होते, पण उद्या घेतले तर? आवक क्रमांक दोन. एकाची म्हैस त्या जागेवर अकरा वर्षं बांधलेली होती, त्याचं म्हणणं म्हशीला दुसरीकडं करमत नाही. आवक क्रमांक तीन. दोघंजण हरकत काय घ्यायची ते विचारायलाच आले होते. त्यांनाही चहा. लीलाबाईंनी चार दिवस दिवसभर चहा केला. वरची मालकीण घड्याळ घेऊन खाली आली आणि म्हणाली, माणसं फार येतात, पाणी फार जातं, खोल्या कधी रिकाम्या करताय?

पाचव्या दिवशी कस्तुराबाई आल्या. त्यांचा प्लॉटशी काडीचा संबंध नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वी अण्णांनी त्यांच्या मुलाच्या दाखल्यावर जन्माचं साल चुकीचं घातलं होतं, त्यापायी पोरगं पोलीस भरतीतून बाद झालं. त्यांनी पेपरात पत्ता वाचला आणि आल्या. अण्णा म्हणाले, बाई, ही नोटीस प्लॉटची आहे, हरकतीचा विषय वेगळा आहे. कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "हरकत हाय म्हणून आले. ल्ह्या." अण्णांना ते लिहून घ्यावं लागलं. आवक क्रमांक नऊ, आणि पोचेवरचं साल त्यांनी दोनदा तपासून घातलं. सवयीनंच. निदान बाहेर त्यांनी तसं सांगितलं.

सातव्या दिवशी खुद्द धुरपदाबाई आल्या. जीपमधून उतरल्या त्याच पेपरची घडी हातात घेऊन. चप्पल दारात काढली, पण खाली बसल्या नाहीत. त्यांच्या घरातली बाई आजवर पेपरात आली नव्हती आणि आली ती चोरासारखी, की हिच्याबद्दल कुणाची तक्रार असेल तर कळवा. हे त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं आणि वरच्या मालकिणीनं ते जिन्यात उभं राहून ऐकलं. अण्णा म्हणाले, माझ्या मनात तसं काही नव्हतं, मोबाइलवर एक तज्ज्ञ आहेत, त्यांनी सांगितलं.

"कुठं राहतो त्यो?"

अण्णांना माहीत नव्हतं.

"गाव कोणतं त्येचं? कुणाचा कोण?"

तेही माहीत नव्हतं. अण्णांनी गोपनीय अहवालाची वही काढली, तिच्यात वक्तशीरपणा होता, पोशाख होता, गाव नव्हतं.

"ज्येचं गाव ठाव न्हाय, त्येच्या सांगण्यावरनं माजं नाव पेपरात घातलं व्हय तुमी?" धुरपदाबाई म्हणाल्या. "मी तुमच्या दारात उभी राहून भांडतीय. त्यो चुकला तर तुमी कुणाच्या दारात जाताल?"

लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याकडं बघून धुरपदाबाई निवळल्या. लीलाताईच्या तोंडाकडं बघून करते म्हणाल्या, आणि पदर खोचून अण्णांना बरोबर घेऊन निघाल्या. एका दिवसात सगळ्या हरकती निकालात काढल्या बाईनं. अमरसिंहाला भर बाजारात विचारलं, की तुला न्हाऊमाखू घालताना प्लॉटचा हिस्सा मागितला होतास का? त्यानं पोच काढून दिली. महारुद्रला म्हणाल्या, बैल दाखव. म्हशीचा खुंटा स्वतः उपटला. कस्तुराबाईंकडं मात्र त्यांनी अण्णांना एकट्याला आत पाठवलं. पाऊण तासानं अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. साल दुरुस्त करून आणायचं त्यांनी कबूल केलं होतं. संध्याकाळी धुरपदाबाईंनी सगळ्या पोच फाडल्या आणि जीपमध्ये बसताना म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी रजिस्ट्री करू.

इथं तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? अण्णा भास्करवर भयंकर चिडले. त्याला सात पानी खरमरीत मजकूर पाठवला, त्यावर जोडलेले हात आले. चार दिवसांनी त्यानं नवीन व्हिडिओ टाकला. त्यात तेच बूट घालून तो सांगत होता, की मित्रांनो, मराठवाड्यातल्या एका काकांनी जाहीर नोटिशीत स्वतःच्या घरचा पत्ता घातला, एवढा मूर्खपणा करू नका. म्हशीसकट सगळं सांगितलं त्यानं. शाळेच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर तो व्हिडिओ अण्णांना पाच जणांनी पाठवला. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भास्करचे सत्त्याऐंशी गुण खोडून शून्य केले आणि लाल शाईनं लिहिलं: अविश्वासार्ह.

आणि मग ते सोनालीताईंकडं गेले.

सोनालीताई म्हणजे दुसरं चॅनेल. या बाईंनी 'भूखंड-भास्करच्या पाच थापा' असा व्हिडिओ केला होता. अण्णांनी तो तीनदा पाहिला आणि त्यांना अतिशय बरं वाटलं. ज्या अर्थी ही भास्करला खोटा म्हणते त्या अर्थी ही खरी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. या तर्कातली खोट रेवणप्पांना कळली असती, वरच्या मालकिणीला कळली असती, फार काय म्हशीलाही कळली असती. ताईंना ब्याण्णव गुण पडले.

ब्याण्णव गुणांच्या बाईंनी सांगितलं, की रजिस्ट्रीच्या आधी मालकाला एकदा स्पष्ट 'नको' म्हणा. प्लॉट निर्वेध असेल तर मालक दोन दिवसांत स्वतः फोन करतो. फोन आला नाही तर समजा तुम्ही वाचलात.

बुधवारी धुरपदाबाई काही कामानं लोहाऱ्यात आल्या होत्या, त्या जीपच्या थांब्यावर भेटल्या. रेवणप्पाही तिथंच टेकले होते. अण्णांनी घसा साफ केला आणि म्हणाले, प्लॉटचं आमचं रद्द झालं, आम्हाला नको. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. एवढं सगळं निस्तरून झाल्यावर हा माणूस काय म्हणतोय, हे त्यांना एकदा खरं करून घ्यायचं होतं.

"नको?" त्यांनी विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. अण्णा ताठ मानेनं घरी गेले आणि मोबाइल चार्जिंगला लावला.

लीलाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी नवं लुगडं काढलं, तर अण्णा म्हणाले, आत्ता नाही, आज बाईंचा फोन येईल मग जाऊ. लीलाबाईंनी लुगडं परत घडी करून ठेवलं. संध्याकाळपर्यंत अण्णांनी मोबाइल वाजतोय की नाही हे रेवणप्पांच्या सुनेकडून दोनदा तपासून घेतलं. मोबाइल चांगला होता.

दिवेलागणीला रेवणप्पा आले. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तोंड लाजल्यासारखं. त्यांनी लीलाबाईंच्या हातात पुडा दिला आणि सांगितलं, की आज रजिस्ट्री झाली. माकणी रोडचा प्लॉट घेतला.

लीलाबाईंनी अण्णांकडं बघितलं. मग रेवणप्पाच सांगू लागले. परवा अण्णा थांब्यावरनं गेल्यावर बाई त्यांच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, अण्णांला नको झालाय, तुमी घेताव का. एस.टी.च्या फंडाचे पैसे बँकेत होतेच, आलेली रजिस्ट्रीची वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याच वेळेत नाव बदलून झालं.

"कागद बघितले का तुम्ही?" अण्णांनी विचारलं.

"म्या कशाला बघू?" रेवणप्पा म्हणाले. "तीन म्हैने तुमी बघितले की. आख्ख्या लोहाऱ्याच्या हरकती तुमी मिटवल्याव. तुमच्या भरवशावर घेतला अण्णा. तुमाला का नको झाला ते इचारलं न्हाय, म्हटलं तुमाला मोठा कुठला सापडला असंल."

टोमणा असता तर अण्णांना परवडलं असतं. भांडता आलं असतं. पण माणूस मनापासून बोलत होता. त्याच मनापासून त्यांनी पुढं सांगितलं, की खाली आम्ही राहू, वर दोन खोल्या काढतो, इथं तुमचं काय खरं दिसत नाही, तुम्हीच या भाड्यानं. बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्ही बरे.

लीलाबाईंनी पुडा खाली ठेवला. "तुम्ही नको म्हणालात?" त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी समजावून सांगायला सुरुवात केली, की ते खरं 'नको' नव्हतं, ती एक पद्धत आहे, मालकाची परीक्षा असते ती.

"तीस वर्षं माझ्या घरात ज्वारी ओतणारी बाई," लीलाबाई म्हणाल्या, "तिची परीक्षा घेतलीत. मला राग आलाय. तुम्हाला कळेल एवढा राग कसा दाखवायचा ते मला येत नाही, पण आलाय."

मग त्यांनी अण्णांकडं पाठ केली आणि रेवणप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. जिना बाहेरच्या अंगानं काढा म्हणाल्या, भाडेकरूला तुमच्या घरातून जायची वेळ यायला नको. वर पाण्याची टाकी वेगळी ठेवा. स्वयंपाकघराची खिडकी मोठी घ्या, धूर तुमच्याकडं येणार नाही. चौतीस वर्षांत पाच घरांत जे जे सोसलं होतं ते त्यांनी एकेक करून सांगितलं आणि रेवणप्पा मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, भाड्याचा कागद अण्णांच्याच नावानं करू ना?

"माझ्या," लीलाबाई म्हणाल्या. "एकटीच्या."

रेवणप्पांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी हरकत घेतली नाही.